रकाना क्रमांक चार

दिल्लीहून संघाचा कागद आला.
देशभरच्या मंडळ्यांचा इतिहास छापून निघणार,
तुमचा दोन पानांत पाठवा, सुवाच्य अक्षरात,
जूनअखेर.
मी मंडळीची चिटणीस. शाळेत छत्तीस वर्षं हजेरी घेतली,
रकाने भरायला घाबरत नाही.

एक : मंडळीचे नाव. भरलं.
दोन : ठिकाण. कोल्हापूर, चपलांच्या गल्लीमागे,
पुलाकडं उतरताना डाव्या हाताला, पत्र्याचं छप्पर.
तीन : स्थापना. पेन्सिलीनं लिहिलं,
कारण वही नाही.

वही होती. खाकी पुठ्ठा, पाठीला चामड्याची पट्टी,
आमच्याच माणसांनी शिवलेली.
एकोणीसच्या पुरात पंचगंगा
कपाटाच्या तिसऱ्या फळीपर्यंत आली.
नंतर आम्ही पानं बाकांवर वाळत घातली,
गीतांची पुस्तकं वजनाला ठेवून.
शाईचं नुसतं निळं धुकं झालं होतं.
ज्यांना आम्ही बुडवून वर काढलं
त्यांची नावं नदीनं पुन्हा बुडवली,
वर काढायचं विसरली.
पाळक म्हणाले, वहीनं बाप्तिस्मा घेतला.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो.

चार : संस्थापक.
जुन्या अहवालात साहेबाचं नाव आहे,
फोटोसुद्धा, टोपी मांडीवर.
अकरा महिने राहिला, तापानं पिवळा पडला,
इस्पितळातून परस्पर बोटीला गेला.
वाईट नव्हता.
लहानथोर सगळ्यांना अहोजाहो करायचा,
तेव्हा आमची माणसं मागं वळून बघायची,
दुसरं कोण आलंय.

सलोमीआत्या ब्याण्णव वर्षांच्या.
दात नाहीत, तारखा नाहीत, बाकी सगळं आहे.
"सायब न्हवं गं," त्या म्हणतात, "माझा आज्जा. भिवा."

भिवा सातपुते, कातडं कमावणारा.
गावातल्या थोरल्या मंडळीत शिंपडायचे.
चांगली माणसं, दगडी देऊळ, घंटा.
भिवा रांगेत उभा राहिला,
पाळकांच्या हातातली पितळी वाटी बघितली
आणि रांगेतून बाहेर आला.
"वरनं वतल्यालं पाणी
माझ्या बापानं घेतलं, त्येच्या बापानं घेतलं,
आडापाशी वंजळ धरून, दुपारपतोर.
देवाच्या घरात बी वरनंच?
मला नदी पायजे. आक्खी."

साहेबाला हे मागाहून कळलं.
त्यानं ग्रीक शब्द समजावून सांगितला, अर्थ : बुडवणे.
भिवा म्हणाला, "त्येच की."

घाटावर उतरू दिलं नाही.
मग ते खालच्या अंगाला गेले,
म्हशी डुंबतात, ओल्या कातड्यांचा वास येतो तिथं.
सात जण. माघातली थंडी.
सून चंद्राबाई कधी गुडघ्यापलीकडं पाण्यात गेलेली नव्हती.
लुगडं फुगून वर येईल म्हणून
तिनं ओच्यात नदीतलेच खडे बांधले.
नाक धरलं. गेली खाली.
वर आली तेव्हा तोंडात आमेन नव्हतं,
"आई गं, केवढं हाय!" म्हणाली.
पाणी.

आता देवळातच हौद आहे, निळ्या फरशीचा,
टँकरनं भरतो. परवा एका पोरानं विचारलं,
गीझर लावणार का.
पंचांच्या बैठकीत विषय घेतलाय.

रकाना चार दोन इंचांचा.
साहेबाचं नाव बसतं, अगदी मापात.
मी भिवा लिहिलं. चंद्राबाई लिहिलं. जागा संपली.
उरलेले समासात चढले.
दोघांची नावं आत्यांना आठवेनात,
तिथं नुसती रेघ ओढली.

पंखा लावला तसा कागद उडायला लागला.
आत्यांच्या पत्र्याच्या डब्यातून
त्या खड्यांतला एक मागून आणलाय,
तो ठेवला वर.
पाकिटात तो जाणार नाही.